स्टिअरिंगवरची चिंधी

महामारीत डेपोतल्या बस उभ्याच राहिल्या, आणि उभी गाडी धावत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते, हे मिस्त्रींचं जुनं म्हणणं. दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांसाठी तेवढ्या दोन गाड्या चालू होत्या. त्यांना सुटे भाग आणायचे कुठून? मग ह्याची टोपी त्याला. उभ्या गाडीचा चांगला भाग काढायचा, तिथं झिजलेला बसवायचा आणि तिच्या स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. चिंधीची गाडी हलवायची नाही, हा डेपोचा कायदा. कागदावर कुठंच नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

आज बससेवा पुन्हा सुरू झाली. मिस्त्री कामावर आले, तर गाड्या नुसत्या चकाकत होत्या. साहेबांनी काल बाहेरची माणसं लावून सगळ्या आतून-बाहेरून धुऊन घेतल्या होत्या. नळापाशी लाल चिंध्यांचा ओला ढीग पडला होता.

"साहेब, ह्या कुणी सोडल्या?"

"अहो, पाहुणे येणार, फोटो निघणार. चिंध्या शोभतात का?" साहेब म्हणाले. "आणि तोंड असं का केलंय? आनंदाचा दिवस आहे!"

आता ह्या शहाण्याला काय सांगावं! मिस्त्री रांगेकडे धावले. बाकीच्या गाड्यांत कुणाचा दिवा गेलेला, कुणाचा आरसा. त्यावाचून कुणाचा जीव जात नव्हता. पण कोपऱ्यातल्या बसचा ब्रेकचा पंप त्यांनी स्वतःच्या हातानं काढून तिथं झिजलेला बसवला होता. नवा आला की बसवू, म्हणत दिवस ढकलले होते. कोपरा रिकामा होता.

"ती होय? पहिलीच सुटली, घाटातून पलीकडे," रखवालदार म्हणाला. "तुमचाच लेक नेतोय की!"

मिस्त्रींनी खिशातून फोन काढला. लेकाचा फोन नुसताच वाजत राहिला. मग त्यांनी कंडक्टरला लावला.

"काका! अहो, गाडी खचाखच भरलीय! उभं राहायला जागा नाही. लोक परत आले हो!"

"गाडी थांबवायला सांग त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"काय? ह्या गलक्यात काही ऐकू येईना. थांबा, तोच काहीतरी सांगतोय."

फोनमधून माणसांचं हसणं आलं. मग इंजिनाची घरघर हलकी होत गेली, चढ संपल्यावर होते तशी. मिस्त्री ओरडतच होते.

"काका, तो म्हणतोय, पेडल जरा खोल जातंय. बाबांना म्हणावं, संध्याकाळी आल्यावर बघा."