पदर आणि चाक यांच्या मधला मी

मी एक जुना साडीगार्ड आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या अर्ध्यांनी मला पाहिलं असेल, पण लक्ष एकानंही दिलं नसेल. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूनं लावलेली लोखंडी सळयांची जाळी, तो मी. माझ्या खाली एक आडवं पायदान असतं. साडीतली बाई एका बाजूनं बसते, पाय त्यावर ठेवते, आणि तिचा पदर चाकात जाऊ नये एवढंच मी पाहतो. नोकरी तेवढीच. पण ती कोणी काढून घेतली की काय होतं, ते ऐका. मी गोड करून सांगणार नाही.

शालिकराम तेव्हा खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होता. लग्न ठरलं तसा तो वसाहतीतल्या वेल्डरकडे गेला आणि म्हणाला, "मांगं रुखमाबाई बसणार हाये. मजबूत कर गा." असा मी जन्मलो.

मग काय, बाजार झाला, देवळं झाली, तिचं माहेर झालं. संत्र्याच्या बागेतला चिखल मी अंगावर घेतला. शालिकराम निवृत्त होऊन नंदनवन वस्तीत राहायला आला तरी रविवारी दोघं निघायचीच. तो टाकी पुसायचा, आरसा पुसायचा. मला कोणी पुसलं नाही. माझ्या सांध्यात तिच्या एका हिरव्या साडीचा धागा अडकला होता, तेवढं माझं बक्षीस. चाकाला मात्र मी तिचा पदर एकदाही शिवू दिला नाही.

त्यांचा मुलगा अश्विन. व्हिडिओ पाहून पाहून गाड्यांचं काम शिकला. बाबांच्या वाढदिवसाला त्यांची गाडी अशी करीन, की लोक वळून पाहतील, असं त्यानं ठरवलं. प्रेमानंच ठरवलं, हे मी कबूल करतो. अपघातात मोडलेल्या एका स्पोर्ट्सबाईकचे सोनेरी शॉकअप आणि रुंद चाकं त्यानं आणली. ती बसावीत म्हणून लेथवर नवे भाग कातून घेतले. मागचं चाक धरणारा जुना चिमटा अरुंद पडला, तो कापला आणि भंगारवाल्याला दिला. रुंद टायर मला घासायला लागला, तेव्हा मला उपटलं.

"ही जाळी कोण लावते आता?" असं म्हणून त्यानं मला अंगणातल्या धुण्याच्या दगडामागे फेकलं.

चाक मोजलं, बेअरिंग मोजलं, ब्रेक तपासले. मित्र रजतला मागे बसवून रिंग रोडपर्यंत फिरवून आणलं. रजत दोन्हीकडे पाय टाकून बसला होता. पॅन्ट घालून.

वाढदिवसाला सकाळी अश्विननं गाडीवरची ताडपत्री ओढली. शालिकरामचा चेहराच उतरला. आपली गाडी त्याला ओळखू येईना. तो तिच्याभोवती फिरला, टाकीवर हात ठेवला, पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, चांगली हाये.

रुखमाबाई नवी साडी नेसून आली आणि सवयीनं एका बाजूनं बसली. तिचा पाय पायदान शोधत राहिला.

"पाय कुठी ठेवू रे अश्विन?"

"दोन्हीकडं पाय टाकून बस ना, आई."

"या वयात घोड्यावर बसवतं का मले?" ती हसली. पाय लोंबकळतच राहिले. गल्लीच्या टोकापर्यंतच तर जायचं होतं.

मी दगडामागून पाहत होतो. पदर त्या जाड टायरवर लोंबत होता. मला तोंड असतं, तर अख्खं नंदनवन गोळा केलं असतं.

शालिकरामनं गाडी काढली, पण ती फाटकाबाहेरही पोचली नाही. पदर चाकानं गिळला आणि बाई मागच्या मागे फरशीवर आदळली. इंजिन बंद पडलं. शेजारच्या यमुताई कात्री घेऊन धावल्या आणि गळ्याला आवळलेला पदर त्यांनी कापला. रुखमाबाईचे डोळे उघडे होते, पण तिला शब्द फुटत नव्हता. अश्विन नुसता उभा होता, हातात ताडपत्री तशीच.

ती वाचली. मनगट मोडलं, गळ्यावर वळ राहिला.

दवाखान्यातून आल्यावर अश्विननं मला दगडामागून काढलं, धुतलं आणि परत बसवायला लागला. मी बसेना. टायर माझ्या जागेत आला होता, आणि जुना चिमटा तर केव्हाच वितळला असेल. शालिकराम ओट्यावरून पाहत होता. अखेर हळू आवाजात बोलला.

"रजतले मांगं बसवून पाह्यलं तू. आईले काहून नाही बसवलं?"

अश्विननं पाना खाली ठेवला.

आता ती सोनेरी गाडी ताडपत्रीखाली उभी असते. रविवारी दोघं ऑटोनं जातात. मित्रांनो, जुनी गाडी नवी करायची तर खुशाल करा. पण एखादा भाग काढायच्या आधी तो कोणासाठी लावला होता, एवढं तरी विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मला शालिकरामनं फाटकाजवळच्या भिंतीवर खिळ्याला टांगलंय. गाडीला होतो तोवर मी कोणाच्या डोळ्यात भरलो नाही. आता अश्विन रोज घरात शिरतो, तेव्हा आधी मीच दिसतो. तो मान खाली घालून आत जातो. हिरवा धागा अजून माझ्या सांध्यात आहे.