फॉर्मांचे पान आणि श्वासाचे यंत्र

मी एक जुने पान आहे, मित्रांनो. वहीचे नव्हे, आणि झाडाचे तर नव्हेच. एका नगर कार्यालयाच्या वेबसाइटवरचे मी पान. लोक मला मोबाइलवर उघडतात, हवा तो फॉर्म डाउनलोड करतात आणि आपल्या वाटेला लागतात. आभार कुणी मानत नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नाही. फॉर्म सापडला नाही तर मात्र लोक मला मनसोक्त शिव्या घालतात, आणि त्या मला लागतात.

माझा जन्म झाला तेव्हा माझ्यावर मोजकेच फॉर्म होते. नळजोडणीचा, जन्मदाखल्याचा, दुकानाच्या परवान्याचा. सगळे एका नजरेत मावत. मोठ्या साहेबांनी पाहिले आणि म्हणाले, "छान, सुटसुटीत!" ते शब्द मी जपून ठेवले, कारण त्यानंतर बरीच वर्षे ते कुणी उच्चारले नाहीत.

पुढे मी मारुतीच्या शेपटासारखे वाढत गेले. कार्यालयाची रीतच तशी होती. फॉर्म ज्या विभागाचा, त्या विभागाच्या नावाखाली जायचा, आणि विभाग लावायचे ते त्यांच्या साहेबांच्या ज्येष्ठतेप्रमाणे! एखादे साहेब निवृत्त झाले की त्यांचा विभाग घसरून तळाला. कोणते साहेब कधी नोकरीला लागले, हे लोकांना कसे ठाऊक असणार? जुना फॉर्म काढायचा म्हटले की कुणीतरी म्हणे, "असू द्या, लागेल कधीतरी." आणि माझ्या डोक्यावर ठळक अक्षरांत काय, तर 'नागरिकांसाठी सुलभ सेवा'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

एके सकाळी एका लेकीने मला उघडले. आरोग्य विभागातला प्रत्येक फॉर्म वाचून ती परत वर आली, पुन्हा खाली गेली. शेवटी तिने कार्यालयात फोन लावला. माझी देखभाल करणाऱ्या ताईंनी तो उचलला. त्यांच्या स्क्रीनवर मी उघडेच होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"आईला उद्या दवाखान्यातून सोडतायत. पण घरी श्वासाचं यंत्र असेल तरच, म्हणाले. तुमच्याकडे उसनं मिळतं ना? त्याचा फॉर्मच कुठं दिसत नाहीये हो!"

"आरोग्यात बघितलंत?"

"आता पाठ झालंय ते."

ताई स्वतः शोधू लागल्या. त्यांनाही सापडेना. अखेर फॉर्म निघाला तो भांडार विभागात, ताडपत्र्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या फॉर्मांमध्ये. का? तर यंत्र भांडारातून निघते म्हणून!

त्या लेकीचे काम झाले. यंत्र वेळेत घरी पोहोचले. पण फोन ठेवल्यावर ताई मला वरपासून खालपर्यंत पुन्हा चाळू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"जे सापडत नाही ते नसल्यासारखंच," त्या म्हणाल्या. "फोन करायचं सुचलं नसतं तर? आता हे मी लावणार म्हणजे लावणारच."

आणि ताई पदर खोचून कामाला लागल्या. प्रत्येक फॉर्मचे नाव त्यांनी एकेका चिठ्ठीवर लिहिले, चिठ्ठ्या बाहेरच्या मोठ्या टेबलावर पसरल्या आणि रांगेतल्या माणसांना विचारले, "तुम्ही कुठली कुठं ठेवाल?" गवंडीदादा, शिवणकाम करणारी मावशी, सगळे वाकून चिठ्ठ्या लावू लागले. एक आजोबा वैतागून म्हणाले, "विभागाचं मला काय कळतंय? घरात कुणी आजारी आहे, एवढंच कळतं."

ताईंनी तेच धरले. माझ्यावर नवे मथळे आले: बाळ झाले, घर बांधताना, दुकान काढताना, घरात आजारपण. मुदत संपलेले फॉर्म गेले. 'श्वसनसाहाय्यक उपकरण तात्पुरते हस्तांतरण अर्ज' होता, त्याचे 'श्वासाचे यंत्र घरी नेण्यासाठी' झाले. एवढे हलके मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

पण सगळ्यांत ज्येष्ठ साहेब तणतणत आले. "माझ्या विभागाचं नाव कुठं गेलं?"

"तुमच्या दारावर आहे की, साहेब!" ताई म्हणाल्या.

प्रकरण मोठ्या साहेबांपर्यंत गेले. "थोडे दिवस चालवून बघू," ते म्हणाले. "लोक अडले, तर जुनंच परत लावायचं." माझा जीव टांगणीला लागला. ताई मात्र हटल्या नाहीत. रोज कुणी कुठे अडते ते बघत आणि मला तेवढे नीट करत.

मग एकदा कुणीतरी मला उघडले. बोट सावकाश फिरत होते, चुकून दुसरीकडे जात होते, पुन्हा येत होते. 'घरात आजारपण' पाशी ते थांबले, यंत्र परत करायचा फॉर्म डाउनलोड झाला, आणि लगेच ताईंचा फोन वाजला.

"त्या श्वासाच्या यंत्रावर होते ना, तीच मी बोलतेय. लेक कामावर गेलीय. फॉर्म मीच शोधला हं, कुणाला न विचारता!"

"मग फोन कशाला केलात, काकू?" ताईंनी हसून विचारले.

"सांगायला. आता मी जिना चढते. यंत्र लवकर घेऊन जा, कुणाचं तरी अडलं असेल."

जुने परत लावायचा विषय नंतर कुणी काढला नाही.

मित्रांनो, माझ्यावर अजूनही रोज नवे फॉर्म येतात. येऊ देत, मी वाढायला घाबरत नाही. तुम्हीही कुठे काही ठेवाल, तेव्हा आपल्या सोयीने ठेवू नका. जो घाईत शोधायला येईल त्याचा विचार करून ठेवा.

काकूंचा फोन आला त्याच दुपारी कुणीतरी थेट यंत्राच्या फॉर्मवर आले, तो घेतला आणि निघून गेले. ताईंचा फोन वाजला नाही.