कुमिसबरोबर दिलेली गोळी

गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात बेगिमायच्या मानेचे झटके निम्म्यावर आले होते, पण पोर शाळेत बाकावरच झोपू लागली. झोपेपायी डॉक्टर गोळी बंद करतील आणि झटके परत येतील, या धास्तीनं नुरझात लेकीला आणि सासूला, उल्कान एनेला, घेऊन दवाखान्यात आली.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला. "गोळी कशाबरोबर देता?"

"कुमिसबरोबर," एने ऐटीत म्हणाली. "आमच्याच घोडीचं दूध, मी स्वतः आंबवते. रोज सकाळी वाडगाभर."

"अहो एने, त्यात नशा असते! गोळीनंही गुंगी येते. पोरीला दुहेरी झोपवताय की!"

"आम्ही तर पाळण्यापासून पितोय."

"तुम्हाला कुठे गोळी चालू आहे? हिला पाण्याबरोबर द्या, तीही रात्री झोपताना."

"म्हणजे गोळी बंद नाही?" नुरझातनं विचारलं.

"नाही. आणि तुम्हीही मनानं एकदम बंद करू नका."

नुरझातचा जीव भांड्यात पडला.

"पाण्यानं कुणाला ताकद आलीय?" एने पुटपुटली. बेगिमाय खुदकन हसली. हसताना तिची मान एकदा उडाली, पण तिकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.