बंद पंपांचे पाणी

सॉल्ट लेकच्या कार्यालयात उन्मेषच्या पडद्यावर निळे बाण पश्चिमेला, हुगळीकडे, निघाले होते. बराकपूरच्या एका बंद पडलेल्या मुलाम्याच्या कारखान्यातून जमिनीत झिरपलेले क्रोमियम भूजलाबरोबर कोणत्या दिशेने सरकेल, याचे हे त्याने रचलेले गणिती प्रारूप होते. कारखान्याच्या पूर्वेकडील वसाहतीला त्यापासून भय नाही, असे ते निःशंकपणे सांगत होते. मात्र त्याच वसाहतीच्या कूपनलिकेत क्रोमियम सापडले होते. फेरतपासणीतही सापडले होते.

त्या वसाहतीत त्याच्या शकुनमामी राहत, आणि त्याच्याच शब्दावर विसंबून सगळे ते पाणी पीत होते.

"प्यायचं की नाही, एवढंच सांग," मामी फोनवर म्हणाल्या.

"नकाशाप्रमाणे ते तुमच्याकडे येऊच शकत नाही, मामी."

"मग नकाशाच गाळून पिऊ का?"

"नमुना घेतला तेव्हा पंप चालू होता?"

"चालूच असतो. तुमची माणसं पातळी मोजायला येतात तेव्हा तेवढा आदल्या संध्याकाळपासून बंद. शेजारच्या वसाहतींचेसुद्धा. तुमचीच अट ना? सगळे बादल्या भरून बसतो."

फोन ठेवून उन्मेष पुन्हा पडद्याकडे वळला. पाणी स्थिरावल्याखेरीज पातळी मोजू नये, हा नियम शास्त्रशुद्धच होता. परंतु त्यामुळे त्याच्या प्रारूपाला केवळ विसावलेले पाणी ठाऊक होते. त्याने सर्व वसाहतींचा रोजचा उपसा गृहीत धरून गणित पुन्हा मांडले. बाण वळले, पूर्वेला, मामींकडे.

क्षणभर त्याला हायसे वाटले. मग त्याने वेग पाहिला. या गतीने क्रोमियम तेथे पोहोचायला आणखी कित्येक वर्षे लागायला हवी होती. मधला चिकणमातीचा थर कोठे तुटलेला असेल? की उगमच दुसरा? प्रत्येक तर्क पटत होता, आणि प्रत्येकाला कोणते ना कोणते मोजमाप खोटे ठरवत होते. दुपार सरली तरी गुंता सुटेना.

अखेर त्याने फोन लावला. "मामी, ते पाणी पिऊ नका. सर्वांना सांगा. लेखी आजच पाठवतो."

"उकळून?"

"उकळूनही जात नाही ते."

"म्हणजे कुठून येतं ते कळलं तर."

"नाही कळलं."

"मग कारण काय लिहिणार?"

"तेच."