कार्डाचा लाल दोरा

सगीराबींच्या घरच्या कार्डाला लाल दोरा होता. तो मी शिवला होता, आणि तो मंडळाच्या पोत्यात गेला तोही माझ्याच हातानं.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत डॉक्टर सदाशिव धानोरकरांचा दवाखाना होता. दोन खोल्या, बाहेर एक लांब बाकडं. कार्डं काढून देणं, सुया उकळणं, बाकड्यावरची भांडणं मिटवणं ही माझी कामं. माझा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा. शाळेत गेले ती झाडायला. अक्षर येत नव्हतं आणि कार्डं तर शेकड्यानं. मग आम्ही आमची तऱ्हा काढली. एका घराला एकच कार्ड, घरातल्या थोरल्या बाईच्या नावानं. गल्लीत जशी घरं ओळीनं, तशीच खोक्यात कार्डं. कुणी दारात दिसलं की मी मनातल्या मनात गल्लीतून चालत जायची आणि त्या घरापाशी थांबून कार्ड उचलायची. कधी चुकलं नाही.

सगीराबींची नात जोहरा आठ वर्षांची असताना तिला पेनिसिलिनची सुई दिली. पोरीचे ओठ सुजले, श्वास कोंडला. डॉक्टरांनी लगेच दुसरी सुई देऊन तिला वाचवलं. दुसऱ्या दिवशी ते कार्डावर काही लिहायला बसले, तेव्हा मी म्हणाले, "साहेब, तुमी लिवताल, पण मला कसं कळल? सुई तर मीच भरून देते." आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याचे चार टाके घातले. डॉक्टर हसले. पेन खिशात ठेवून म्हणाले, "हे बरंय. माझं अक्षर मलाही लागत नाही." तेव्हापासून लाल म्हणजे या घरात एकाला ती सुई चालत नाही, काळा म्हणजे साखर. घरातलं कोण, ते आम्हा दोघांच्या डोक्यात. लिहिलेलं कुठंच नाही.

अठरा वर्षं असं चाललं. डॉक्टरांनी त्यात एक दिवस रजा घेतली नाही. घ्यायची म्हटलं तर बसणार कोण? मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. सुईचं टोक दिसेना. ऑपरेशन करा म्हणून मीच मागं लागले होते.

त्याच वर्षी मराठवाड्यातल्या फॅमिली डॉक्टरांना मदत करायला एक मंडळ निघालं. डॉक्टर आजारी पडला तर मंडळ बदली डॉक्टर देणार, दवाखाना बंद पडू देणार नाही. आम्हाला तर देवच भेटल्यासारखं झालं. मंडळाच्या कालिंदीताई आल्या, खोक्यातली कार्डं हाताळली आणि म्हणाल्या, "हे काय भरतकाम मांडलंय?"

मी दोऱ्यांचं सांगितलं.

"मावशी, बदली डॉक्टरला तुमचे दोरे कसे कळणार? माणशी एक फॉर्म करा. आडनाव लावून, बाराखडीच्या क्रमानं. ते भरून झाले की डॉक्टर पाठवते."

"आन् ह्ये दोऱ्याचं कुठं लिवू?"

"शेरा म्हणून रकाना आहे ना खाली. तिथं."

बोलणं खोटं नव्हतं. अन् खरं सांगायचं तर मला दोऱ्यांची लाजच वाटली. दोनच वर्षांपूर्वी मी साक्षरतेच्या वर्गाला बसले होते. आता लिहिता येत होतं. दोरा ही आंधळ्याची काठी, असं मला वाटायला लागलं होतं.

ऑपरेशनची तारीख आठ दिवसांवर. डॉक्टरांना दिसत नव्हतं, म्हणून फॉर्म मीच भरले. एकेका कार्डातून सात-सात, नऊ-नऊ माणसं निघत होती. बोटं वळली, तरी अक्षर नीट काढत होते. कार्ड सगीराबींच्या नावाचं होतं. त्यांचा फॉर्म आधी भरला आणि कार्डाला दोरा दिसला म्हणून खाली शेऱ्यात लिहिलं, 'पेनिसिलिन सुई देऊ नये.' मग त्यांच्या राहत नावाच्या सुनेचा, मग मुलांचे, मग जोहराचा. जोहराच्या फॉर्मवर नाव, वय सव्वीस, लग्न झालेलं, मुक्काम वाळूज. शेरा कोरा. दोरा कुणापायी घातला होता ते आठवायला न थांबता, कार्डावरचं कार्डाच्या मालकिणीला लावून मी पुढच्या घरी गेले. जुनी कार्डं पोत्यात भरून मंडळानं नेली.

बदली डॉक्टर आले. अन्सार नाव, तरुण, वागायला नरम. नवव्या दिवशी जोहरा आली. माहेरी आली होती, घसा सुजला होता, अंगात ताप. बाकड्यावर पंधरा-वीस जण.

"सलाम, सारजाखाला. चष्मा लगा ली तुमने? मास्तरनी दिखते बिल्कुल."

"गप बस. घसा दुखतोय ना? मग तोंड कशाला चालवती?"

हसली. डॉक्टर अन्सारांनी घसा पाहिला आणि तिला विचारलं, "कुठलं औषध, सुई सोसत नाही असं काही?"

"क्या मालूम. सब खालाकू मालूम मेरा."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "फॉर्मवर काही आहे का, मावशी?"

मी फॉर्म काढला. क्रमानं होता, लगेच सापडला. बोट ठेवून खालपर्यंत वाचला. "काई न्हाई," म्हणाले.

इतकी वर्षं मी कार्ड वाचत नव्हते, बघत होते. त्या दिवशी वाचलं. मनात काहीतरी हललं होतं, गल्लीतलं ते घर, दारातली लहान पोरगी. पण समोर कागद होता आणि कागदावर नव्हतं.

डॉक्टर अन्सारांनी नियमाप्रमाणं आधी हातावर थेंबभरच टोचून पाहिलं. तेवढंच पुरलं, तिचा श्वास कोंडला. वाचवायची दुसरी सुई त्यांनी लगेच दिली, छाती दाबली, रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसले. रिक्षा गल्लीच्या बाहेर पडायच्या आत जोहरा गेली होती.

गल्लीनं डॉक्टर अन्सारांना दोषी धरलं. काचा फोडल्या. त्यांनी शहर सोडलं. मी गल्लीत तोंड उघडलं नाही.

मंडळाची चौकशी बसली. तिथं मात्र सगळं सांगितलं. दोरा, आठ वर्षांची जोहरा, कार्ड कुणाच्या नावचं होतं ते. समोरच्या साहेबांनी फाईल उलटली. "बाई, हा शेरा सगीराबींच्या फॉर्मवर आहे. सगीराबींना सुई दिली का?"

"न्हाई, पर साहेब..."

"जोहराच्या फॉर्मवर शेरा आहे का?"

"न्हाई."

"मग डॉक्टरनं फॉर्म बघून दिली. नोंदी पूर्ण आहेत. झालं."

"मंग तो शेरा तरी खोडा, साहेब. चुकीचा हाय."

"चौकशीतला कागद आहे तो. त्यात आता खाडाखोड करता येत नाही."

त्या वर्षी आमच्या दवाखान्याला शंभर टक्के नोंदींबद्दल मंडळाचं प्रशस्तिपत्र मिळालं. कालिंदीताईंनी स्वतः खिळा ठोकून ते लावलं.

धानोरकर डॉक्टर काळा चष्मा लावून एकदाच आले. रिकामी खोकी हातानं चाचपली. "सगीराबींचं कार्ड कुठंय?"

"मंडळानं नेलं, साहेब."

"दोरा?"

"त्याच्यासंगंच."

ते तसेच बाहेर गेले. डोळे चांगले झाले होते, पण खुर्चीत परत बसले नाहीत. मग मंडळाचेच डॉक्टर पाळीपाळीनं येऊ लागले. मी राहिले. फॉर्म कुठं आहेत ते मला माहीत होतं.

पुढच्या थंडीत ती सून, राहत, सासूला घेऊन आली. सगीराबींच्या पायाला जखम झाली होती, पाय तांबडा होऊन सुजला होता. त्या दिवशीच्या डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, मग फॉर्म.

"आजी, याला पेनिसिलिन द्यायला हवं. पण तुम्हाला ते चालत नाही."

"मेरेकू?" सगीराबी म्हणाल्या. "मेरेकू सब चलता, बेटी. ये डॉक्टर धानोरकरनेच कितनी सुयां दिये."

"फॉर्मवर लिहिलंय, आजी. हे बघा. सुई देऊ नये."

"वो मैं नहीं. वो मेरी जोहराकू नहीं चलती थी."

राहतनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. सगीराबींना अक्षर येत नव्हतं. त्यांनी फॉर्म हातात घेतला, त्या ओळीवर हळूहळू बोट फिरवलं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"सारजा," त्या म्हणाल्या, "ये किसने लिख्या?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी फॉर्म घडी न घालता टेबलावर ठेवला आणि राहतला म्हणाल्या, "चल." डॉक्टरीणबाई मागून हाका मारत राहिल्या, दुसऱ्या गोळ्या देते म्हणाल्या. पायरी उतरताना सगीराबींना आधार लागत होता. मी हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि भिंत धरून उतरल्या.