राख आपली, हाडं समद्यांची

दगड झालेली हत्तीची दाढ, पावाच्या लादीएवढी.

मडक्यातली राख.

मिलिटरीच्या हिरव्या ट्रंकेत रानबैलाची शिंगं.

दारात घरघरणारी जीप.

मलकापूरचे लालासाहेब परवा गेले. फौजेतून निवृत्त झाल्यावर कृष्णेच्या दरडी उकरून हजारो वर्षांपूर्वीची हाडं जमवायची, हा त्यांचा छंद. गाव त्यांना ‘हाडक्या’ म्हणे. आज सावडणं झालं आणि रजेवर आलेल्या त्यांच्या मुलाला, वीरधवलला, त्याच्या चुलत्यांनी, कृष्णातनानांनी, बजावलं, “राखंबरूबर ही बी सोड संगमावर. घरात हाडं ठिवत्यात व्हय रं?”

वीरधवलला पटलं. ‘हाडक्याचं पोरगं’ हे ऐकून तो शाळेपासून विटला होता. त्यानं ट्रंक जीपमध्ये चढवली.

त्याची आई, अंजनाताई, जीपपुढं येऊन उभी राहिली.

“ट्रंक उतरीव.”

“आई, लोक काय म्हणतील?”

“लोकं म्हणतच व्हती की! तुजा बा कवा थांबला?”

“वैनी, हाडं पाण्यातच जायाला पायजेत,” नाना म्हणाले.

“आवं भावजी, पाण्याकडनंच त्यांनी वर आणली! हितं हत्ती फिरत व्हते, हे पुण्याच्या संग्रहालयातल्या मॅडमना त्याच्यावरनंच कळलं. राख आपली हाय, ती सोडा. ही हाडं आपली न्हाईत, समद्यांची हायत!”

वीरधवलनं ट्रंक उघडली. दाढेवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं : खोडशी, बंधाऱ्याखाली. प्रत्येक हाडावर असंच गाव, ओढा, दरड. त्यानं सगळी ट्रंक उलटीपालटी केली. लालासाहेबांचं नाव कुठंच नव्हतं!

अरे, आपण काय बुडवायला निघालो होतो!

त्यानं तिथूनच मॅडमना फोन लावला. “संग्रहालयाला सगळं देतो. पण पाटीवर ‘स्थानिक ग्रामस्थाकडून’ असलं काही लिहू नका. वडिलांचं पूर्ण नाव घाला.”

“घालणारच,” मॅडम म्हणाल्या. “आमच्या शोधनिबंधातही.”

“कंसात हाडक्या बी लिवा म्हणावं,” नाना पुटपुटले. “न्हाईतर गावात कुणाला कळायचं न्हाई.”

अंजनाताई डोळे पुसता पुसता हसल्या.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत असा एखादा छंदिष्ट असेल, चिखलानं भरलेल्या हातांचा. त्याला वेडा म्हणून हसू नका. विज्ञान अशा हातांवरही उभं राहतं. त्यानं जमवलेलं जपा आणि त्यावर त्याचं नाव लिहा. तो हयात आहे तोवरच लिहा!

लालासाहेबांना पहिलं हाड सापडलं, तेव्हा ते नदीत म्हैस धूत होते.