शेजारची बाटली

नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा माझा जुना स्वभाव. म्हणूनच त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या ताई, म्हणजे आमची भांडी धुणाऱ्या आणि बाटल्या भरून ठेवणाऱ्या, म्हणाल्या, "सर, शेजारची बाटली उचललीत का?" तेव्हा मी त्यांच्यावरच खेकसलो.

"ताई, माझं मी बघतो. तुम्ही आधी नळ बंद करा."

आम्ही औषधांच्या चाचण्यांसाठी प्रथिनांचे तुकडे बनवतो. अमिनो आम्लं एकामागून एक जोडत जायची. कणा सगळ्यांचा सारखाच; वेगळी असते ती बाजूला लोंबणारी साखळी, आणि कोण कुठं चिकटणार हे तीच ठरवते. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या दोघांत तर अणू तेच, वजनही तेच. फक्त आयसोल्युसिनमध्ये बाजूच्या साखळीची फांदी एक घर अलीकडे फुटते. हवं होतं ल्युसिन, माझ्या हातात होतं आयसोल्युसिन. वजन सारखंच, त्यामुळे तपासणीचं यंत्रही फसलं.

तीन आठवड्यांनी तो तुकडा चाचणीतून परत आला. जिथं चपखल बसायला हवा, तिथं तो चिकटतच नव्हता. संचालकबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं.

"ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन कसं गेलं? बाटल्या कोण भरतं?"

माझी पाचावर धारण बसली. "ताई," मी म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं. ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना घरी बसवलं.

 आरशात बघायचीही लाज वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं: ताईंनी बाटल्या बरोबर भरल्या होत्या, चुकीची मीच उचलली.

"होतं असं गडबडीत," बाई म्हणाल्या. ताईंना परत बोलावलं, आणि मला वाटलं, सुटलो.

ताई आल्या, ॲप्रन चढवला, सिंकपाशी उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो.

"सांगितलं मी, ताई. चूक माझीच होती म्हणून."

"बरं केलंत." त्या फ्लास्क घासत राहिल्या. "आणि मी विचारलं होतं, ते?"

 नेमकं तेवढंच मी गाळलं होतं.

त्यांनी नळ बंद केला. "बाई आहेत अजून केबिनमध्ये, सर."